पहिले सुखरूप, मग दुसऱ्याला काय झाले?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी जाऊ दवाखान्यात नाव नोंदवून घरी आली. हातात नवे कार्ड होते. रक्तगटाच्या रकान्यात लाल शाईने 'ओ निगेटिव्ह' लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. सासूबाईंनी चष्मा लावून कार्ड उलटसुलट पाहिले आणि विचारले, "निगेटिव्ह म्हणजे काय गं? हिच्यात काही कमी आहे का?"

जावेचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आई, कमी काही नाही. कुणाचे डोळे घारे असतात, तसंच हे." त्यांचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. कारण मला माझी मोठी मावशी आठवली.

मावशी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. पहिला मुलगा गुटगुटीत, कसलीही तक्रार नाही. दुसरे बाळ जन्मताच हळदीसारखे पिवळे झाले आणि तिसऱ्या दिवशी गेले. तिसरे पोटातच गेले. चौथ्याचेही तसेच झाले. कुणी म्हणाले सटवाईचा कोप, कुणी म्हणाले बाहेरचे काही आहे, कुणी पायगुण काढला. अंगारे-धुपारे झाले, नवस झाले. मावशी चाळीस वर्षे खाली मान घालून वावरली. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे हे अगदी अलीकडे, मोतीबिंदूच्या वेळी तपासणी झाली तेव्हा आम्हाला कळले.

मैत्रिणींनो, आपल्याकडे दर शंभर स्त्रियांत साधारण पाचजणी निगेटिव्ह गटाच्या असतात. म्हणजे हळदीकुंकवाला घर भरले, तर एखाददुसरी तिथे असणारच. मी काही डॉक्टर नाही. पण जावेच्या निमित्ताने डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून विचारून मी भंडावून सोडले, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तके आणून वाचली आणि मग सारा उलगडा झाला. तो तुमच्यापुढे मांडते.

कोंबड्यांनी शिकवलेला धडा

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या. त्यांच्यातल्याच एका जातीला 'बी पेशी' म्हणतात. रोगजंतूंविरुद्ध किंवा परक्या कुठल्याही पदार्थाविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार होतात, ती या बी पेशींकडून.

यातला 'बी' कुठून आला, हे ऐकण्यासारखे आहे. कोंबडीच्या शेपटाजवळ, आतल्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी चारशे वर्षांपूर्वी तिचे वर्णन केले, म्हणून तिला 'फॅब्रिशियसचा बर्सा' म्हणतात. ती कशासाठी असते हे साडेतीन शतके कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने काही पिल्लांच्या या पिशव्या काढून पाहिल्या. त्याच्या चँग नावाच्या सहकाऱ्याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचे होते: कोंबडीला जंतू टोचले की तिच्या रक्तात प्रतिपिंडे कशी येतात ते. त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून नेल्या. टोचल्यावर काही मेल्या आणि उरलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आलीच नाहीत. भर वर्गात प्रयोग फसला! पण त्या फसलेल्या प्रयोगानेच सांगितले की ज्या कोंबडीला ती पिशवी नाही, तिला प्रतिपिंडे करता येत नाहीत. १९५६ साली हा निबंध छापून आला, तोही कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात. बर्सावरून त्या पेशींना 'बी' हे नाव मिळाले.

आपल्या परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणून कोंबड्यांच्या या गोष्टीचे इथे कुणाला नवल वाटायला नको. माणसाला मात्र ती पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात जन्मतात.

कासाराची मापे

बी पेशी काम कसे करतात? मला तरी कासाराच्या उदाहरणाने ते समजले. अशी कल्पना करा की गावात लाखो कासार बसले आहेत आणि प्रत्येकाकडे बांगडीचे एकच माप आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही असे. प्रत्येक जण नमुन्याची बांगडी समोर टांगून बसला आहे. कुणाचे गिऱ्हाईक येईल, कुणाचे जन्मभर येणार नाही. गिऱ्हाईक येण्याआधीच मापे ठरलेली असतात, हे विशेष. शरीर रोग पाहून माप घेत नाही. सगळ्या मापांचे कासार ते आधीच बसवून ठेवते. ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली मांडली. थोडक्या जनुकांतून इतकी मापे कशी निघतात, ते जपानच्या सुसुमु तोनेगावा यांनी दाखवले आणि त्यांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एखादा परका जंतू शरीरात शिरला. हिंडता हिंडता तो नेमक्या मापाच्या बी पेशीला भेटला आणि बांगडी मनगटात चपखल बसली. तरीही ती पेशी लगेच कामाला लागत नाही. आपल्या महिला मंडळाच्या खात्यातून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागतात ना, तसेच इथे आहे. बी पेशी त्या परक्याचा तुकडा आत घेते, त्याचे बारीक खंड करते आणि एक खंड बाहेर धरून 'टी पेशी' नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीला दाखवते. टी पेशीलाही तो परका आहे असे पटले, तर ती संमती देते. ही दुसरी सही. चुकून आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही व्यवस्था.

सह्या झाल्या की बी पेशी जागी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढत जाते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. आपली आजी त्यावर शेक देत असे. ते अवधाण म्हणजे हीच धांदल: आतल्या गाठीत पेशींची वाढ चाललेली असते. वाढलेल्यांपैकी काही पेशींचा कारखाना होतो. एकेक कारखाना सेकंदाला दोन हजारांच्या आसपास प्रतिपिंडे रक्तात सोडतो. इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा त्यांचा आकार. दोन हातांनी ती परक्याला धरतात आणि शेपटीने इतर पेशींना बोलावतात, "हा बघा, याला खाऊन टाका!"

या साऱ्याला पहिल्या खेपेस आठवडा-दहा दिवस लागतात. पहिली प्रतिपिंडे आकाराने मोठी असतात, नंतरची लहान व अधिक पक्की. लहान-मोठ्याचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाचा आहे. आणि वाढलेल्यांपैकी काही पेशी मागे राहतात, आठवण धरून. तोच परका पुन्हा आला तर त्या दोन-चार दिवसांतच जोराने उठतात. एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा येत नाही तो यामुळेच. लहान मुलांच्या लसींचे दुसरे-तिसरे डोस द्यायचे तेही यासाठीच. पहिला डोस ओळख करून देतो, पुढचे डोस ओळख पक्की करतात. "पहिल्या टोचणीला ताप आला, आता पुढची नको" असे म्हणणाऱ्या बाईने हे जरूर ध्यानात घ्यावे.

ही आठवण किती टिकते? १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या माणसांचे रक्त अमेरिकेत तपासले, तर त्या साथीच्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी नव्वद वर्षांनीही त्यांच्या रक्तात होत्या. हे २००८ साली प्रसिद्ध झाले.

मावशीच्या बाबतीत काय घडले

आता मूळ गोष्टीकडे येते. ज्यांचा गट पॉझिटिव्ह असतो, त्यांच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाची एक खूण असते. निगेटिव्ह स्त्रीच्या पेशींवर ती नसते. नसली म्हणून काही बिघडत नाही. पण तिच्या बी पेशींच्या दृष्टीने 'डी' ही परकी वस्तू ठरते.

नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह होऊ शकते. पोटात असताना आईचे आणि बाळाचे रक्त वेगळे असते. मध्ये वार असते. पण बाळंतपणात वार सुटते तेव्हा बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात जाते. चमचाभरही लागत नाही. तेवढ्याने आईच्या बी पेशी जाग्या होऊ शकतात. पण तोवर बाळ बाहेर आलेले असते. म्हणून पहिले बाळ सुखरूप.

आई मात्र 'शिकलेली' असते. दुसरे बाळ पॉझिटिव्ह असेल, तर त्याच्या दोन-चार थेंबांनी आठवणीच्या पेशी उठतात आणि प्रतिपिंडे सोडू लागतात. ही असतात ती लहान आकाराची. मोठी प्रतिपिंडे वार ओलांडू शकत नाहीत. लहानांना मात्र वार स्वतःहून पलीकडे नेऊन सोडते. ती बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळ पांढरे पडते, अंगावर सूज येते, जन्मल्यावर जबर कावीळ होते. दर खेपेला आठवण पक्की होते आणि पुढचे बाळ अधिक धोक्यात येते. मावशीचे नेमके हेच झाले होते.

तुम्ही म्हणाल, आईचे शरीर असे वैऱ्यासारखे का वागते? ते वैऱ्यासारखे वागत नाही. वार ती प्रतिपिंडे पलीकडे नेते ती बाळाच्या भल्यासाठीच. नवजात बाळाच्या बी पेशी अजून कच्च्या असतात. पहिले काही महिने ते आईच्या शिदोरीवर जगते. गरोदरपणी आपण धनुर्वाताची टोचून घेतो, ती या वाटेनेच बाळाला पोचते. पूर्वी नाळ कापताना धनुर्वाताचे जंतू शिरून किती तान्ही बाळे जात! टोचणी आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून जवळजवळ हटला आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

गाईचे बघा. तिच्या वारेतून वासराला काहीच मिळत नाही, सारी शिदोरी चिकात असते. म्हणून जाणता शेतकरी वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजतोच आणि मग उरला तर खरवस करतो. बाईच्या पहिल्या चिकातही प्रतिपिंडे असतात. ती बाळाच्या आतड्याला आतून अस्तर घालतात. तो पिळून टाकून बाळाला मधाचे बोट चाटवणे हा सोन्यावर पाणी सोडण्याचा प्रकार आहे.

बी पेशीला झोपेतच ठेवायचे

आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाच्या रक्ताशी लढतात, हे १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. उपाय सापडायला आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. उपाय मोठा युक्तीचा आहे. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात आल्या की तिच्या बी पेशी जाग्या होण्याआधीच बाहेरून तयार 'डी'विरोधी प्रतिपिंडे टोचायची. ती बाळाच्या पेशींना वेढतात, त्या पेशी प्लीहेत निकालात निघतात आणि आईच्या बी पेशी जाग्याच होत नाहीत. आठवणच नाही, तर पुढे भांडण कसले? या इंजेक्शनला 'अँटी-डी' म्हणतात.

न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल इथे ही युक्ती जवळजवळ एकाच वेळी तयार झाली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांपैकी एक डॉ. गॉर्मन. त्यांची भावजय निगेटिव्ह गटाची. १९६४ च्या जानेवारीत तिच्या बाळंतपणाच्या वेळी त्यांनी ते औषध इंग्लंडला धाडले. घरच्या सुनेपासूनच सुरुवात झाली म्हणायची! १९६८ पासून ते बाजारात आले.

तयार प्रतिपिंडे टोचण्याची कल्पना तशी जुनी. पान लागलेल्या माणसाला दवाखान्यात जे औषध देतात, तेही तेच. घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचून त्याच्या बी पेशींकडून प्रतिपिंडे करवून घेतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव आपल्याला यावरूनच ठाऊक. अँटी-डी मात्र बहुतेक करून माणसाच्या रक्तातून काढतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे भरपूर होती. २०१८ सालापर्यंत, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत, त्यांनी ११७३ वेळा रक्तद्रव दिला. ते २०२५ साली वारले.

रक्ताच्या या शास्त्रात आपल्या मुंबईचेही नाव आहे. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी मुंबईत एक निराळाच रक्तगट शोधला. बाकी सगळ्यांचे रक्त, अगदी ओ गटाचेसुद्धा, अशा माणसाच्या प्रतिपिंडांना परके वाटते. जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात.

आमच्या घरी काय झाले

कार्ड आले त्या रात्री जाऊ स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. लग्नानंतर लगेच माहेरी असताना एकदा माझं पडलं होतं. तीन महिने होऊन गेले होते. आईनं कुणाला सांगू नको म्हटलं." त्या वेळी कुणी रक्तगट विचारला नव्हता, इंजेक्शन दिले नव्हते. माझ्या पोटात धस्स झाले. गर्भपातातही बाळाचे रक्त आईच्या रक्तात जाऊ शकते. म्हणजे तिच्या बी पेशी शिकून तर बसल्या नाहीत?

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रागावण्याऐवजी तिची पाठ थोपटली आणि रक्त तपासायला पाठवले. 'कूम्ब्स'ची तपासणी म्हणतात तिला. आईच्या रक्तात ती प्रतिपिंडे आधीच तयार झालीत का, हे त्यातून कळते. अहवाल येईपर्यंत मला झोप नव्हती. डोळ्यांसमोर सारखी मावशी. अहवाल निगेटिव्ह आला. या 'निगेटिव्ह'चे पेढे वाटावेत असे वाटले!

सातव्या महिन्यात एक इंजेक्शन झाले. बाळंतपण शनिवारी रात्री झाले, मुलगी झाली. नाळेतले रक्त तपासले, गट ओ पॉझिटिव्ह. म्हणजे दुसरे इंजेक्शन हवेच. आणि रविवारी दुकाने बंद! धाकटे भाऊजी गावभर फिरले. शेवटी संध्याकाळी एका दुकानात मिळाले आणि बर्फाच्या थर्मासमध्ये घालून त्यांनी ते आणले. बहात्तर तासांची मुदत असते, आमचे वीस तासांत झाले. तरी मी सांगते, आधीच चौकशी करून ठेवा.

हे ध्यानात ठेवा

गरोदर राहिल्याबरोबर रक्तगट तपासून घ्या. तुमचा निगेटिव्ह असेल तर यजमानांचाही तपासा. दोघेही निगेटिव्ह असतील तर बाळ निगेटिव्हच असते.

कूम्ब्सची तपासणी करून घ्या. त्यात प्रतिपिंडे नसतील तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत दुसरे. बाळ निगेटिव्ह असेल तर दुसऱ्याची गरज नसते.

गर्भपात झाला, करवून घेतला, मध्येच रक्त गेले, पोटावर आपटला, तर लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गट सांगा.

या इंजेक्शनचा असर काही आठवडेच राहतो. म्हणून ते दर खेपेला घ्यावे लागते. "मागच्या वेळी घेतलं होतं की" हे चालत नाही.

बी पेशी एकदा जाग्या झाल्या की मग या इंजेक्शनचा उपयोग नाही. पण म्हणून आशा सोडायची नाही. अशा बाळांवर मोठ्या इस्पितळांत पोटातच रक्त देण्यापर्यंत उपचार होतात. मात्र तिथे वेळेवर पोचायला हवे.

आणि नाही केले तर प्रत्येकीचे असेच होते का? नाही. उपाय न केल्यास साधारण सहा-सातजणींमागे एकीच्या बी पेशी जाग्या होतात. पण ती एक कोण, हे आधी सांगता येत नाही.

बारशाला मावशी आली होती. पाळणा झाल्यावर मी तिला एका बाजूला बसवून हे सारे सांगितले, कासाराच्या बांगड्यांसकट. ती मुकाट्याने ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे ते सटवाईचं न्हवतं."

"नव्हतं मावशी."

"आन् माझ्या पायगुणाचंबी न्हवतं."

"नव्हतं."

तिने पदराने डोळे पुसले, उठली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसली. तिला आपल्या तीन लेकरांची दुखणी इतक्या वर्षांनी समजली. तुमच्या घरातल्या, शेजारातल्या एखादीला वेळेवर कळावे, एवढ्यासाठी हे लिहिले. आज संध्याकाळी सवड काढून घरातल्या सुना-लेकींचे रक्तगट एका कागदावर लिहा आणि तो कागद देव्हाऱ्याजवळ, सगळ्यांना सापडेल असा ठेवा.